पडद्यावरचे मराठी अक्षर

(शिवाजी पार्क, दादर येथील व्याख्यानाचा पाठ)



शिवाजी पार्ककडून रेल्वेचे रूळ ओलांडून दादर पूर्वेला गेले, की दादासाहेब फाळके यांच्या नावाचा रस्ता लागतो. याच दादरमध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ घडवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून या घटनेचे स्मरण नेहमी होते. मात्र तिची एक बाजू सहसा नजरेआड राहते. ते चित्र मुके होते, पण निःशब्द नव्हते. प्रसंगाप्रसंगांच्या मध्ये पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. त्या चित्रपटाची जी रिळे आज उपलब्ध आहेत, त्यांवरील पाट्या हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहेत. म्हणजे भारतीय चित्रपट जन्मला तोच अनुवाद बरोबर घेऊन. ज्याला वाचता येत नसे, त्याच्यासाठी शेजारचा कोणी ती अक्षरे मोठ्याने वाचून दाखवी. एका भाषेतील चित्र दुसऱ्या भाषेच्या माणसापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर तो अजून सुटलेला नाही.

आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. चित्रपटातील मूळ संवाद काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतील संवाद भरणे म्हणजे डबिंग. आणि मूळ संवाद तसाच ठेवून त्याचा अर्थ पडद्याच्या तळाशी अक्षरांत देणे म्हणजे सबटायटल्स. वरवर पाहता या दोन तांत्रिक करामती वाटतात. प्रत्यक्षात भाषेच्या भवितव्याशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे.

एका कथेचे दोन अवतार

मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट पेशावरलाही चाले आणि मद्रासलाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला, चित्र बोलू लागले आणि ही सोय एका दिवसात संपली. पात्र बोलू लागले म्हणजे ते कोणत्या तरी एका भाषेत बोलणार, आणि त्याच क्षणी बाकीच्या भाषांचे प्रेक्षक परके होणार. हा पेच एकट्या हिंदुस्थानापुढे नव्हता. अमेरिकेतील पॅरामाउंट कंपनीने त्याच सुमारास पॅरिसजवळच्या ज्वाँव्हील येथे एकाच कथेचे निरनिराळ्या युरोपीय भाषांतील अवतार चित्रित करण्याचा कारखानाच उघडला होता.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने या पेचाला दिलेले उत्तर तसेच होते, मात्र त्यामागे कारखान्याची घाई नव्हती. व्ही. शांताराम यांचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठीत आला आणि त्याच कथेचा हिंदी अवतारही स्वतंत्रपणे चित्रित झाला. पुढे प्रभात पुण्याला आली तरी ही प्रथा चालू राहिली. १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ झाला. ‘शेजारी’मध्ये केशवराव दाते यांनी रंगवलेली भूमिका हिंदीत मजहर खान यांनी केली, गजानन जागीरदार मात्र दोन्हीकडे होते. प्रत्येक प्रसंग दोनदा उभा करायचा, संवाद दोनदा म्हणायचे, नटाला दोन भाषांत त्या भूमिकेचा श्वास सापडेपर्यंत थांबायचे, असे ते काम होते. त्याला खर्च फार येई. परंतु दोन्ही भाषांतील प्रेक्षकाला चित्रपट आपला वाटे.

या जोडअवतारांत अनुवादाचा सर्वांत मोठा धडा एका नावाने दिला आहे. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या १९३७ च्या चित्रपटाचे मराठी नाव ‘कुंकू’. हा एकच शब्द मराठी घरात सौभाग्य, बंधन, अभिमान आणि ओझे हे सारे एकदम बोलून जातो. हिंदी अवतारासाठी प्रभातने या शब्दाला प्रतिशब्द शोधत बसण्याचे टाळले. चित्रपटाला ‘दुनिया न माने’ असे निराळेच नाव दिले आणि कथेचा दुसरा पैलू पुढे आणला. शब्दाला शब्द मिळत नसेल तेव्हा अर्थाची नवी वाट काढावी, ही समज त्या मंडळींना होती.

शब्द मिळाले, काम राहिले

१९३८ साली स्वातंत्र्यवीर सावरकर शिवाजी पार्कच्या सावरकर सदनात राहावयास आले आणि त्याच वर्षी मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. भाषाशुद्धीच्या चळवळीत चित्रपटाच्या धंद्याला त्यांनी दिलेले शब्द सर्वपरिचित आहेत. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, संकलन, पटकथा, मध्यंतर हे शब्द त्यांच्या नावावर मोजले जातात. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्या हंस पिक्चर्सशी त्यांचा जो संबंध आला, त्यातून यांपैकी काही शब्द थेट कामाच्या जागी पोहोचले असे सांगितले जाते. आज ‘दिग्दर्शक’ हा शब्द कोणी मुद्दाम घडवला होता, हे सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. नव्या शब्दाचे यश यालाच म्हणतात.

मात्र डबिंग आणि सबटायटल या दोन शब्दांना असा रुळलेला मराठी पर्याय मिळाला नाही. ‘उपशीर्षक’ हा शब्द कोशात आणि परीक्षेच्या पुस्तकात सापडतो. चित्रगृहाच्या दारात कोणी तो उच्चारत नाही. याचे कारण मराठीची दुर्बलता हे खचित नव्हे. दिग्दर्शन मराठीत होत होते, संकलन मराठी माणसे करीत होती, म्हणून ते शब्द कामाबरोबर वाढले. परभाषेतील चित्र मराठीत आणण्याचे काम मात्र फारसे झालेच नाही. ज्या कामाला हात लागत नाही, त्याचा शब्द जिभेवर बसत नाही. तेव्हा प्रश्न शब्दाच्या आधी कामाचा आहे.

ओठ, वेळ आणि नाते

हे काम सोपे नाही, हेही समजून घेतले पाहिजे. हंगेरीचे भाषाशास्त्रज्ञ इश्तवान फोडोर यांनी १९७६ साली डबिंगवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले, की पडद्यावर चेहरा जवळून दिसतो तेव्हा प्रेक्षक ओठांची उघडझाप नकळत तपासत असतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटतात. मूळ संवादात ओठ मिटले त्या क्षणी नव्या संवादातही असाच वर्ण यावा लागतो. नाहीतर आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचे असे विचित्र दृश्य दिसते. शिवाय मूळ वाक्य जेवढा वेळ घेते तेवढ्याच वेळात मराठी वाक्य संपले पाहिजे, आणि ते कृत्रिमही वाटता कामा नये. कवीला वृत्त सांभाळावे लागते, त्याच जातीची ही शिस्त आहे.

सबटायटल्सची शिस्त निराळी. साधारण संकेत असा, की एका वेळी फार तर दोन ओळी, प्रत्येक ओळीत सुमारे चाळीस अक्षरे, आणि त्या पडद्यावर राहणार जास्तीत जास्त सहा सेकंद. माणूस बोलतो भरभर, वाचतो त्याहून सावकाश. म्हणून बोललेल्यापैकी बराच भाग गाळावा लागतो. काय गाळायचे हे ठरविणे हीच अनुवादकाची कसोटी. देवनागरीत वेलांट्या व मात्रा वर जातात, उकार खाली येतात. त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते आणि अक्षराचा आकार, दोन ओळींमधील अंतर यांचा विचार वेगळा करावा लागतो. रोमन लिपीसाठी आखलेला साचा तसाच उचलून चालत नाही.

याहून अवघड आहे ते नाते. इंग्रजीतील ‘यू’ला मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन दरवाजे आहेत. इंग्रजी चित्रपटातील दोन पात्रे पहिल्या भेटीत एकमेकांना ‘यू’ म्हणतात आणि लग्नानंतरही ‘यू’च म्हणतात. मराठी अनुवादकाला मात्र नेमक्या कोणत्या प्रसंगी ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले हे ठरवावे लागते. मूळ लेखकाने न घेतलेला निर्णय त्याला घ्यावा लागतो. उलट दिशेने पाहावे, तर मराठी गृहिणीचे ‘अहो, ऐकलंत का’ हे इंग्रजीत कसे न्यावे? नाव न घेता हाक मारण्यात जो आदर, जी जवळीक आणि क्वचित जो टोमणा असतो, तो एका ओळीत मावत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने हा पेच सर्वांना परिचित करून दिला. २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवात गेलेल्या या चित्रपटाची नायिका आर्ची समोरच्याला दरडावते, की मराठीतून सांगून समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का. गावाकडच्या मुलीने इंग्रजीचा असा दंडुक्यासारखा उपयोग करावा, यातच त्या प्रसंगाची सारी गंमत आहे. परंतु ज्याच्यासाठी तळाशी आधीपासूनच सगळे इंग्रजीत लिहून येत आहे, त्याला भाषा बदलण्याची ही धमकी जाणवावी कशी? करमाळ्याकडच्या बोलीचा ठसका आणि इंग्रजीचा तो तोरा एकाच इंग्रजी ओळीत सपाट होतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात सन्मान मिळाला. त्यात न्यायालयातील आणि घरातील माणसे मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी यांच्यात ये-जा करतात. कोण कोणत्या भाषेत बोलतो यावरून त्याची जागा कळते. मुंबईच्या प्रेक्षकाला हे न सांगता उमगते. निव्वळ इंग्रजी अक्षरांवर विसंबणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अक्षरांचा रंग बदलून वा कंसात भाषेचे नाव देऊन काही साधता येते. पण त्यासाठी अनुवादकाला चित्रपट पूर्ण होत असतानाच बोलावले पाहिजे. प्रत्यक्षात तो सर्वांत शेवटी येतो, आणि घाईत येतो.

अनुवादकाच्या हातातील सत्ता

या कामाकडे सरकारांनी मात्र कधी दुर्लक्ष केले नाही. १९३० च्या दशकात मुसोलिनीच्या इटलीने परदेशी चित्रपट इटालियन संवादांतच दाखविण्याची सक्ती केली. फ्रँकोच्या स्पेनने १९४१ साली तसाच नियम केला. संवाद बदलण्याचा अधिकार हाती आला, की कथाही बदलता येते. १९५३ च्या ‘मोगॅम्बो’ या अमेरिकी चित्रपटात ग्रेस केलीने रंगविलेली विवाहिता परपुरुषाकडे ओढली जाते. हे स्पेनच्या अभ्यवेक्षकांना सहन झाले नाही; म्हणून स्पॅनिश संवादांत तिला आणि तिच्या पतीला बहीणभाऊ करून टाकले. परिणाम असा झाला, की एका आक्षेपार्ह गोष्टीतून वाट काढताना पडद्यावर तिच्याहून भयंकर गोष्टीची शंका उभी राहिली! सबटायटल्समध्ये असे करणे कठीण असते, कारण मूळ आवाज प्रेक्षकाच्या कानावर पडतच असतो. तो आवाज अनुवादकाचा साक्षीदार असतो.

दुसरी बाजूही आहे. जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स या देशांत डबिंग रुजले, कारण तेथे प्रेक्षक भरपूर आणि खर्च परवडणारा. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियातील लहान भाषांनी सबटायटल्सची वाट धरली. तेथील मुले परभाषा ऐकत आणि आपली भाषा वाचत मोठी झाली. स्वीडिश किंवा डॅनिश भाषा बोलणाऱ्यांची संख्या मराठीच्या तुलनेत किती थोडी! तरीही जगातला चित्रपट आपल्या अक्षरांत पाहण्याचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही.

रांगेतील शेवटचे स्थान

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. देशात तिचा क्रमांक तिसरा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. आता हे पाहावे: १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि परदेशी चित्रपट भारतीय भाषांत आणण्याचा धंदा जोरात सुरू झाला. हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांना त्यात मानाचे पान मिळाले. २००७ साली ‘स्पायडर-मॅन ३’ भोजपुरीतही आला. मराठीत मात्र नाही. २०२३ च्या जूनमध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांतून प्रदर्शित झाला, तेव्हा कुठे त्या यादीत मराठीचे नाव दिसले. मध्ये सोळा वर्षे गेली.

असे का झाले? व्यापाऱ्याचे उत्तर एका वाक्याचे आहे: मराठी माणसाला हिंदी समजते. हिंदी चित्रपटाची राजधानीच मुंबई. दादर-परळ-लालबागच्या चाळींनी त्या पडद्याला कामगार, तंत्रज्ञ, नट आणि प्रेक्षक पुरवले. ज्याला हिंदीत पाहणे जमते, त्याच्यासाठी मराठीवर निराळा खर्च कशाला? हा हिशेब नफ्यातोट्याच्या वहीत बरोबर आहे. हिंदीशी मराठीचे वैर नाही, आणि नसावेही. हिंदी येणे हा मराठी माणसाचा गुण आहे. तथापि त्याच्या गुणाचा भुर्दंड त्याच्या भाषेला पडावा, हे न्यायाला धरून नाही. हिशेब किती दूरवर जातो, याचे उदाहरण २०२० साली दिसले. तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमावरील ‘तान्हाजी’ हा भव्य चित्रपट मूळ हिंदीत घडला आणि मराठीत डबिंग होऊन आला. कोंढाण्याची कथा सह्याद्रीतील लोकांना त्यांच्याच भाषेत परतून ऐकावी लागली. दोन वर्षांनी, २०२२ साली ‘हर हर महादेव’ने उलटा प्रवास केला. तो मूळ मराठीत होता आणि हिंदी, तमिळ, तेलुगू व कन्नड भाषांत गेला. दोन्ही दिशा खुल्या आहेत, हे यावरून सिद्ध होते. प्रश्न आहे तो आपली भाषा कोणत्या दिशेला उभी राहणार याचा.

पोटाचा प्रश्न

डबिंगवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परभाषेतील तयार माल स्वस्तात भाषांतरित होऊन येऊ लागला, तर येथील लेखक, नट, तंत्रज्ञ यांनी करावे काय? कर्नाटकात याच भीतीने अनेक दशके डबिंगला अघोषित बंदी होती. २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगाने ती स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरविली आणि तेथील चित्रपट संघटनांना दंड केला. बंगालमध्ये हिंदी ‘महाभारत’ मालिकेच्या बंगाली डबिंगला कलाकार व तंत्रज्ञांच्या संघटनांनी विरोध केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने स्पर्धा आयोगाची बाजू उचलून धरली. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे: बंदी घालता येणार नाही.

पण कायद्याने भीती जात नाही, आणि ती भीती खोटीही नाही. ज्याचे पोट मराठी मालिकेवर आहे, त्याला भाषाप्रेमाचे व्याख्यान ऐकवून भागणार नाही. येथे डबिंग आणि सबटायटल्स यांतील फरक ध्यानात घ्यावा. डबिंग येथील नटाच्या वाट्याचा वेळ घेऊ शकते. मात्र तेच डबिंग येथील आवाजाला, येथील संवादलेखकाला कामही देते. सबटायटल्स तर कोणाचाच घास काढून घेत नाहीत. मल्याळम किंवा बंगाली चित्रपटाखाली मराठी अक्षरे आली, म्हणून मराठी नटाची एकही भूमिका कमी होत नाही. ज्यांना डबिंगची धास्ती वाटते, त्यांनी तरी मराठी अक्षरांच्या मागणीला पाठिंबा द्यायला हरकत नसावी.

ऐकणाऱ्याला वाचक करणारे संशोधन

आता ज्या संशोधनासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे वळावे. बेल्जियममधील लवेन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ गेरी द इडेवाल यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. त्यांना आढळले, की पडद्यावर अक्षरे आली की माणूस ती वाचतोच. संवादाची भाषा येत असली, अक्षरांची गरज नसली, तरी डोळा तिकडे वळतो. वाचणे ही जणू डोळ्याची सवयच आहे.

या सवयीचा उपयोग साक्षरतेसाठी करावा, ही कल्पना भारतात फुलली. अमेरिकेत शिकत असताना ब्रिज कोठारी स्पॅनिश भाषेचा अभ्यास करीत होते. १९९६ साली एक स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांच्या मनात आले, की खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरे असती तर भाषा लवकर आली असती. तेथून त्यांचा विचार भारतातील चित्रपटगीतांकडे वळला. लोकांना गाणी पाठ असतात, तीच पुन्हा पुन्हा लागतात. मग गाण्याचेच शब्द त्याच भाषेत खाली उमटले तर? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवरील गुजराती गीतांच्या कार्यक्रमापासून आरंभ झाला. पुढे राष्ट्रीय दूरदर्शनच्या ‘रंगोली’पर्यंत ही अक्षरे पोहोचली. त्यांच्या ‘प्लॅनेटरीड’ या संस्थेने महाराष्ट्रातही प्रयोग केला. २०१३ नंतर ‘झी टॉकीज’ वाहिनीवरील मराठी चित्रपटांना मराठीच अक्षरांची जोड देण्यात आली. ज्यांचे वाचन कच्चे आहे त्यांचेही डोळे अक्षरांमागे जातात आणि नियमित पाहणाऱ्यांचे वाचन सुधारते, असा या साऱ्या अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाचे मोल समजण्यासाठी आपली स्थिती पाहावी. ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा नीट वाचता येत नाही, हे ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. हे झाले खेड्यांचे. दादर-गिरगावच्या सुशिक्षित घरांत निराळीच अडचण आहे. तेथील मूल इंग्रजी शाळेत जाते, घरी अस्खलित मराठी बोलते, आजीशी गप्पा मारते. पण मराठी वर्तमानपत्र हाती दिले की अडखळते. सातासमुद्रापलीकडे वाढणाऱ्या मराठी मुलांचीही हीच गत. भाषा कानावर आहे, डोळ्यांवर नाही. एक पिढी मराठीची केवळ श्रोती होऊन राहील, आणि तिच्या पुढच्या पिढीकडे कानही उरणार नाहीत, अशी ही घसरण आहे. घराघरांत दररोज तासन्‌तास चालणाऱ्या पडद्यावर बोललेली मराठी लिहिलेली दिसू लागली, तर न शिकवता शिकवणारी शाळाच उभी राहील. तिला इमारत लागत नाही, हजेरीपट लागत नाही.

ज्यांना ऐकू येत नाही

या अक्षरांवर ज्यांचा सर्वांत आधी हक्क आहे, ती माणसे मात्र चर्चेत शेवटी येतात. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी मराठी चित्रपट १९३१ पूर्वीच्या मूकपटाहूनही मुका आहे. कारण मूकपटात निदान पाट्या तरी होत्या! दिव्यांगजनांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमे त्यांना समजतील अशा रूपात मिळाली पाहिजेत, असे म्हटले आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ साली दूरचित्रवाणीसाठी आणि १५ मार्च २०२४ रोजी चित्रगृहांसाठी त्याविषयीची मानके जाहीर केली. म्हणजे नियम आहेत. आता हवा आहे तो मराठी समाजाचा आग्रह. तो नसेल तर नियमांची पूर्तता इंग्रजी अक्षरांनी होईल. कागदावर रकाना भरेल आणि मराठी वाचणारा कर्णबधिर कामगार होता तेथेच राहील.

काय करता येईल

१९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी मराठी माणसाला जगाचा चित्रपट दाखवला. १९८० च्या दशकात दूरदर्शनने रविवारी दुपारी बंगाली, मल्याळम, आसामी चित्रपट घराघरांत आणले. दोन्हीकडे खालची अक्षरे इंग्रजी होती. ज्यांना ती वाचता येत, त्यांच्यासाठी खिडकी उघडली. ज्या आजीला मराठी पोथी वाचता येई आणि इंग्रजी येत नसे, तिच्यासाठी ती बंदच राहिली. सत्यजित राय यांचा बंगालचा गाव तिला आपल्या गावासारखा वाटला असता. मधे आड आली ती लिपी.

ही आडकाठी काढणे आज पूर्वीइतके खर्चाचे नाही. पूर्वी अक्षरे फिल्मवर छापावी लागत. आता ती स्वतंत्र धारिका म्हणून जोडता येतात आणि प्रेक्षकाला हवी तेव्हा दिसतात. संवादाचे अक्षरांकन संगणकही करू लागला आहे. मात्र वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांचा ठेका आणि ‘अहो’मधील नाते त्याच्यावर सोपवून निश्चिंत राहता येणार नाही. तेथे भाषा जाणणारा माणूसच हवा.

तेव्हा मागण्या साध्या आणि मोजक्या आहेत. प्रत्येक मराठी चित्रपटाला इंग्रजीबरोबर मराठी अक्षरेही असावीत. महाराष्ट्र शासन चित्रपटांना जे अनुदान देते, त्याच्या अटींत हे एक कलम सहज बसू शकते. चित्रपट महोत्सव आणि फिल्म सोसायट्यांनी वर्षातून काही खेळ तरी मराठी अक्षरांसह करावेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अनुवादाच्या अभ्यासक्रमात या शाखेला जागा द्यावी. भाषा येणाऱ्या तरुणांना त्यातून रोजगारही मिळेल. पुस्तकाच्या अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर असते, तसे पडद्यावरच्या अनुवादकाचे नाव श्रेयनामावलीत यावे. नाव आले की जबाबदारी येते आणि जबाबदारीबरोबर गुणवत्ता. प्रेक्षकांनीही वाहिन्यांना आणि प्रसारण कंपन्यांना कळवावे, की आम्हाला मराठी अक्षरे हवी आहेत. मागणी दिसली की व्यापारी त्याच्या वहीतला हिशेब आपण होऊन बदलतो. भोजपुरीसाठी त्याने तो २००७ सालीच बदलला होता.

भाषा मोठी ठरते ती तिच्यात किती लिहिले गेले यावरून, तसेच तिच्यात किती आणले गेले यावरूनही. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा संस्कृत जाणणाऱ्यांची सोय करणे हा त्यांचा हेतू नव्हता. ज्याला संस्कृत येत नाही त्याच्यासाठी त्यांनी ते दार उघडले. आजच्या जगाच्या कथा पडद्यावरून येतात. त्या मराठी माणसाला दुसऱ्या कोणाच्या भाषेच्या ओसरीवर बसून पाहाव्या लागू नयेत, एवढेच मागणे आहे. अभिजात दर्जाचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. पण भाषा जगते ती रोजच्या वापरात. तो वापर पडद्याच्या तळाशी, दोन ओळींच्या जागेत सुरू करता येण्यासारखा आहे.